मशीनचं कुंकू

यंत्रातलं मला काही कळत नाही, आणि जे कळत नाही ते विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. या दोन गोष्टी एकाच बाईत आल्या की नवऱ्याचं काय होतं, ते आमच्या हरेशला विचारा. (तो सांगणार नाही. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन कुणाच्या तरी होडीत वाकलेला असेल. का, ते पुढे येईलच.)

माझं माहेर मासवणचं. नदी, भात, वांगी-मिरची. सासर खाडीच्या तोंडाशी, मच्छीमारांच्या पाड्यात. बोईसरच्या एका कंपनीत मी पॅकिंगला होते आणि हरेश पंपांच्या मेंटेनन्सला. तिथंच आमचं जमलं. लग्न होऊन मी पाड्यात आले तेव्हा बायकांनी ना माझं शिक्षण विचारलं ना पगार. "हिला बोंबील साफ करता येतं का?" एवढंच विचारलं. येत नव्हतं. आता माझे केस पिकायला लागले, बोंबील मी टीव्हीवरची नजर न काढता साफ करते, पण पाड्याच्या लेखी मी अजून 'ती मासवणची'च. भात जास्त शिजला तरी 'ती मासवणची' आणि कमी शिजला तरी 'ती मासवणची'.

सासऱ्यांची मोठी बोट होती, ती त्यांच्यामागे विकली. हरेशने मग एक छोटी फायबरची होडी घेतली, सुट्टीच्या दिवशी खाडीत जाळं टाकायला. तिच्या मागच्या फळीला अडकवायचं मशीन सेकंडहँड आणलं. आउटबोर्ड म्हणतात त्याला. वर डोकं, खाली पाण्यात पंखा, दोरी ओढली की सुरू. पेट्रोलची लाल टाकी वेगळी असते, ती होडीत पायाशी ठेवायची. टाकीपासून मशीनपर्यंत रबरी नळी, आणि नळीच्या मध्ये एक रबरी फुगा. डॉक्टर ब्लडप्रेशर बघताना दाबतात ना, तसाच. तो चारदोनदा दाबला की पेट्रोल मशीनपर्यंत चढतं. हे सगळं मला माहीत आहे कारण मी विचारलं होतं. पहिल्याच दिवशी, हरेशच्या हातात मशीनचं ओझं असताना.

आता नारळाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

नारळी पौर्णिमेला आमच्या पाड्याचा मानाचा नारळ एका होडीतून जातो. बाकीच्या होड्या तिच्यामागे. कुणाची होडी पुढे, ते घरांच्या पाळीने ठरतं. माझे सासरे जन्मभर या पाळीची वाट बघत होते. पाळी आली आणि नेमके त्याच आठवड्यात ते गेले. घरात सुतक, म्हणून मान पुढच्या घराकडे, म्हणजे हरेशच्या चुलतकाकांकडे, जगूकाकांकडे गेला. तेव्हापासून आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, मनात एकच धरलेलं. फिरत फिरत पाळी परत आमच्या घरावर आली, तसं त्या म्हणाल्या, "बाप नाय गेला नारळ घेऊन, पोरगा तरी जाऊ दे. म्हंजे मी मोकळी."

"मोकळी म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे मग परत पाळी यायची वाट बघायची नाय," आई म्हणाल्या, आणि सुपातला जवळा पाखडायला लागल्या. त्यांच्या वयाला पुढची पाळी येणार नव्हती, आणि हे त्यांना माहीत होतं.

नियम असा की मानाची होडी आपली आपण गेली पाहिजे. दुसऱ्या होडीने ओढत नेलेली चालत नाही. ती बंद पडली तर नारळ पुढच्या घराच्या होडीत द्यायचा. पुढचं घर परत जगूकाकांचंच. काकांकडे डिझेल इंजिनाची धडधाकट बोट.

"वल्ही मारत नेली तर?" मी विचारलं.

"खाडीच्या तोंडाला पाणी ओढतं. तिथं वल्ह्याचं काम नाय," हरेश म्हणाला. "आणि मशीन हाय ना. बंद कशाला पडंल?"

पाऊस लागल्यापासून मशीन पडवीत ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेलं होतं. ते काढलं, पुसलं, आणि पूजेची वेळ आली. मशीनला कुंकू घरच्या सुनेने लावायचं असतं. आदल्या वर्षी मी लावलेलं कुंकू पहिल्याच लाटेत वाहून गेलं होतं, आणि जगूकाकांच्या मंजूकाकी चारचौघींत म्हणाल्या होत्या, "मासवणच्या कुंकवाला दम नाय." हे वाक्य मी वर्षभर उशाशी घेऊन झोपत होते. या वर्षी माझं कुंकू हलणार नव्हतं, मग समुद्र इकडचा तिकडे झाला तरी.

आईंना ते कळलं असावं. त्यांनी कपाटातून एक छोटी लाकडी डबी काढली. जुन्या बायका कपाळाला आधी मेण लावून वर कुंकू बसवायच्या, त्या मेणाची डबी. सासरे गेल्यापासून ती उघडली नव्हती.

"हे लाव आधी. वरून कुंकू दाब. आमी मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन घामानं निथळायचो, तरी जात नव्हतं."

"पण आई, हे तुमचं..."

"माझ्या कपाळाला आता मेण लागत नाय. मशीनला लागू दे."

मी डबी कपाळाला लावली आणि मशीनसमोर बसले. पण लावायचं कुठे? डोक्याचं झाकण तापतं, मेण वितळणार. दांड्याला लावावं तर हरेशचा हात. मग माझी नजर टाकीच्या टोपणावर गेली. गोल, सपाट, गार. आणि बरोब्बर मधोमध एक बारीकशी खळी, जणू कंपनीने कुंकवासाठीच ठेवलेली. मी त्या खळीत मेण बोटाने चांगलं दाबून भरलं, वर कुंकू, वर चार अक्षता. लांबून बघितलं. इतकं सुंदर दिसत होतं की फोटो काढून मासवणला भावजयीला पाठवला.

मशीन पहिल्या ओढीला सुरू झालं. हरेश होडी घेऊन निघाला, मी काठावर उभी राहून मंजूकाकींना दिसेल अशा बेताने हात हलवला. होडी झोकात निघाली, जाळी बांधायच्या खांबांपर्यंत पोचली, मशीनला खोकला आला आणि ते बंद पडलं.

हरेश वल्ही मारत परत आला. टाकीचं टोपण उघडून आत बघितलं. "पेट्रोल तर हाय." टोपण लावलं, दोरी ओढली. मशीन सुरू. परत निघाला. खांबांपर्यंत गेला, खोकला, बंद.

"त्या खांबांशी कायतरी हाय," आई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी तिथे लिंबू सोडून आल्या. मशीन लिंबालाही दाद देईना.

हरेशने कंपनीत सगळ्या जातीचे पंप उघडलेले. तो म्हणाला, "कार्बोरेटर. दोन-अडीच महिनं पेट्रोल आत सुकलं, त्याचा डिंक झाला." (एरवी कमी बोलणारा माणूस. पण मशीन बंद पडलं की व्याख्यान देतो.) मग त्याने फोनवर व्हिडिओ लावला. त्यात एक परदेशी माणूस पांढऱ्याशुभ्र टेबलावर कार्बोरेटर उघडतो आणि शेवटपर्यंत त्याचे हात स्वच्छ राहतात. आमच्याकडे पांढरं टेबल नव्हतं, म्हणून माझी पिठाची परात गेली. मग माझा केस रंगवायचा ब्रश गेला. मग शिलाई मशीनची सुई.

"सुई कशाला?"

"जेट साफ करायला."

"जेट म्हणजे?"

"हे बघ." त्याने एक पितळी खिळा डोळ्यासमोर धरला. खिळ्यातून आरपार भोक, इतकं बारीक की उजेडाला धरलं तरच दिसेल. "पेट्रोल यातनं जातं. इथं कचरा आला की संपलं."

"एवढुशा भोकाने एवढी होडी चालते?"

"चालत नाय, तेच तर चाललंय," तो म्हणाला.

मी बसले तिथे. भाजी राहिली, कपडे राहिले. कार्बोरेटरच्या खाली एक वाटी असते, वाटीत एक तरंगणारं असतं, पेट्रोल वर आलं की ते वर येतं आणि येणारी वाट बंद करतं. "म्हणजे संडासाच्या टाकीतल्या चेंडूसारखं," मी म्हटलं. हरेशने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. इतक्या वर्षांत मी केलेली ही पहिली उपमा त्याला पटली असावी. बाहेरच्या बाजूला एक स्क्रू असतो, तो फिरवून पेट्रोल आणि हवेचं माप जमवायचं. आधी पूर्ण आवळायचा, मग दीड आटे, म्हणजे दीड फेरा, सोडायचा, मग मशीनचा आवाज ऐकत अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

"हवा पण लागते?" मी विचारलं.

"हवेशिवाय काय चालतं?" हरेश म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नाही.

सगळं जोडून झालं. मी ताजं कुंकू लावलं, जुन्याच्या वर, मेण जरा जास्त. होडी निघाली. खांबांपर्यंत गेली, खोकला, बंद. त्यात हरेशला आणखी एक दिसलं. नळीवरचा फुगा चपटा पडला होता. दाबलेली पोळी जशी. "फुगा म्हातारा झाला," तो म्हणाला आणि बोईसरला जाऊन नवा घेऊन आला. नवा फुगाही खांबांपाशी चपटा झाला. मग नळी बदलली. मग प्लग. प्रत्येक दुरुस्तीनंतर मी श्रद्धेने नवं कुंकू लावत होते. टोपणावर आता चांगली टेकडी झाली होती.

रोज संध्याकाळी जगूकाका अंगणात येऊन उभे राहायचे. "काय हरेश, झाली का चालू? नाय झाली तरी जिवाला लावून घेऊ नको. माझी हाय ना." वाईट माणूस नव्हे. पण 'माझी हाय ना' म्हणताना ते जरा जास्तच प्रेमळ व्हायचे. ते गेले की आई आत जायच्या आणि भांडी जोरात ठेवायच्या.

शेवटी हरेशने बोईसरचा मेकॅनिक आणला. पप्पूभाई. मोटारसायकलवाला, पण कंपनीत हरेशच्या ओळखीचा, आणि सगळी मशीनं एका आईची लेकरं आहेत असं मानणारा. त्याने अंगणात पिंप ठेवायला लावलं, त्यात पाणी भरलं, फळी बांधून मशीन पिंपात अडकवलं. टाकी रिकामी होत आली होती, म्हणून टोपण काढून नरसाळं लावलं. टोपण काढताना त्याने ते अगदी कडेकडेने, दोन बोटांनी फिरवलं.

"भाभी का टीका खराब नहीं होना चाहिए," तो म्हणाला, आणि टोपण उचलून तुळशीपाशी ठेवलं. काय संस्कारी माणूस, मला वाटलं. (हरेशसुद्धा इतके दिवस तसंच उघडत होता. कुंकवाला कुणीच धक्का लावत नव्हतं. माझा मान राहावा म्हणून.)

पिंपात मशीन असं चाललं की विचारू नका. बंद व्हायचं नावच घेईना. अंगण निळ्या धुराने भरलं. शेजारी वाळत घातलेल्या मंजूकाकींच्या मांदेली माशांना पेट्रोलचा वास लागला आणि त्यावरून जे बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही. पप्पूभाईने कान लावून तो स्क्रू थोडा फिरवला, थोडा उलटा फिरवला, डोळे मिटले, मान हलवली. "बस. अब मक्खन." तुळशीपाशी जाऊन टोपण आणलं, घट्ट लावलं, चहा पिऊन गेला.

मक्खन खांबांपर्यंत टिकलं.

"पिंपात चालतं आणि खाडीत का चालत नाही?" मी विचारलं.

"पिंपात लोड नसतो," हरेश म्हणाला.

"खारं पाणी," जगूकाका म्हणाले.

"नजर," आई म्हणाल्या.

मला एकही पटेना. लोड असता तर होडी निघतानाच बंद पडली असती, चांगली खांबांपर्यंत कशाला जाईल? आणि बंद पडल्यावर हरेशने आत डोकावून 'पेट्रोल हाय' म्हटलं की लगेच सुरू कशी होते? त्या बघण्यात काय आहे? रात्रंदिवस हाच विचार. भाकरी थापताना माझा हात थांबायचा. हरेशला विचारलं तर तो म्हणाला, "नलू, तुझं डोकं पण त्या पिंपात घालू का?"

पौर्णिमा उजाडली आणि मशीन होतं तिथंच होतं. हरेशचा चेहरा उतरलेला. सकाळी तो आईंना म्हणाला, "आये, काकाला देऊन टाकू नारळ. मधेच बंद पडली तर सगळ्यांसमोर..."

आई नवं लुगडं नेसून, नारळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बंद पडली तर देऊ. आत्ताच कशाला?"

आणि त्या उठून होडीकडे चालायला लागल्या.

होडीला झेंडूच्या माळा, पताका. हरेश मशीनपाशी, आई मध्ये नारळ घेऊन, मी त्यांच्याजवळ, टाकी माझ्या पायाशी. टोपणावर माझं ताजं कुंकू, सणाचं म्हणून दुप्पट. मागे अख्ख्या पाड्याच्या होड्या, ढोल-ताशा, नाच. आणि आमच्या लगेच मागे जगूकाकांची बोट. तिच्यावर ओढायची दोरी नीट वेटोळं करून ठेवलेली. त्या दोरीलाही त्यांनी झेंडूचा हार घातला होता. माणसाची तयारी म्हणजे तयारी.

मशीन सुरू झालं. मी खांबांकडे बघायचंच नाही असं ठरवलं आणि टक लावून खांबांकडेच बघत राहिले. खांब आले. खोकला आला. मशीन बंद पडलं.

मागचा ढोल हळूहळू थांबला. ओहोटी लागली होती आणि होडी आडवी व्हायला लागली. हरेशने झाकण उघडलं, स्क्रूड्रायव्हर दातात धरला आणि कार्बोरेटरवर वाकला. मागून जगूकाकांचा आवाज आला, "हरेश, दोरी फेकतो, धर."

"थांब जगू," आई म्हणाल्या. मोठ्याने नाही. नारळ त्यांनी असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी खाली बघितलं. खाली फुगा होता. चपटा.

"अहो, हा फुगा परत का फुगत नाही?"

"नलू, आत्ता नको प्रश्न," हरेश स्क्रूड्रायव्हरमधून म्हणाला.

बरोबर होतं त्याचं. पण मला राहवेना. दाबलेला फुगा सोडला की फुगायला हवा. हा फुगत नाही, म्हणजे कुणीतरी पलीकडून ओढून धरतंय. पलीकडे कोण? टाकी. मी टोपणाला हात घातला आणि (कडेकडेने, कुंकू सांभाळून) जरासं फिरवलं.

टाकीने श्वास घेतला. खरं सांगते, स्स्स करून लांब श्वास घेतला, पाण्याखालून वर आलेलं माणूस घेतं तसा, आणि माझ्या डोळ्यांसमोर फुगा टरारून फुगला.

मी टोपण काढून उलटं केलं. आतल्या बाजूला मधोमध एक बारीक भोक होतं. जेटसारखंच. मी ते उजेडाला धरलं. उजेड दिसला नाही. टोपण सुलटं केलं. त्या भोकावर माझं कुंकू होतं. खळी नव्हती ती, टाकीचं नाक होतं. पेट्रोल जाईल तशी आत हवा यायला ठेवलेलं. आणि मी ते सासूच्या मेणाने, अक्षता घालून, पूजा करकरून बंद केलं होतं. हवेशिवाय काय चालतं?

गजऱ्याखालची पिन ओढली, कुंकवाची टेकडी खरवडून पाण्यात टाकली, पिन भोकात घालून आरपार फिरवली. मेणाची गोळी बाहेर आली. उजेड दिसला. टोपण लावलं, फुगा दाबला, घट्ट झाला. वर बघितलं तर हरेशची पाठ माझ्याकडे. ढोलवाले लांब. पण आई माझ्याकडे बघत होत्या. पिनेकडे, टोपणाकडे, मग माझ्याकडे.

"अर्धा आटा सोडला," हरेश म्हणाला. "शेवटचा प्रयत्न." आणि दोरी ओढली.

मशीन सुरू झालं. होडी सरळ झाली, खांबांच्या पुढे गेली, खाडीच्या तोंडातून ओढत्या पाण्यावरून बाहेर पडली. हरेश ओरडायला लागला, "अर्धा आटा! आये, अर्ध्या आट्याचा खेळ होता सगळा!" मागे ढोल परत सुरू झाला. आईंनी नारळ हरेशच्या हातात दिला, त्याने तो समुद्राला वाहिला, आणि आई हात जोडून कितीतरी वेळ पुटपुटत राहिल्या. सासऱ्यांशी बोलत असाव्यात. मी रडले. हरेशला वाटलं आनंदाने. निम्मी आनंदाने.

घरी आल्यावर मी आईंसमोर उभी राहिले. "आई, ते मेण..."

"डबी दे इकडं," आई म्हणाल्या. डबी घेतली, पदराने पुसली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. "पोराला सांगू नको. इतक्या वर्षांनी खूश झालाय."

म्हणून मी सांगितलं नाही. त्याचा परिणाम असा की हरेश पाड्याचा कार्बोरेटरवाला झाला. कुणाचं मशीन खोकलं की हाक येते, "हरेशला बोलवा, अर्धा आटा फिरवंल." तो जातो, कान लावतो, डोळे मिटतो, अर्धा आटा फिरवतो. पुष्कळदा मशीन सुरूही होतं. यातलं मला काही कळत नाही, आणि या बाबतीत मी प्रथमच काही विचारलेलं नाही.

पुढच्या वर्षी पूजेच्या वेळी मी शहाणी झाले होते. आधी गजऱ्यातली पिन काढून टोपणाचं भोक मोकळं केलं, मग कुंकू लावलं, तेही कडेला, साधं, मेणाशिवाय. मंजूकाकी बघत होत्या.

"हे पिनेचं काय गं?"

मी काही सांगायच्या आत मागून आई म्हणाल्या, "आमच्या घरची रीत हाय ती. आधी मशीनचं नाक टोचायचं, मग कुंकू. गेल्या वर्षी बघितलंस ना, कशी गेली होडी?"

मंजूकाकींनी बघितलं होतं. अख्ख्या पाड्याने बघितलं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी दोन होड्यांवर नाकं टोचली गेली. त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्यांचीच.

यंदा मी नेहमीसारखी बसले, पिन एकदा फिरवली आणि कुंकवाला हात घातला, तर मंजूकाकींनी माझं मनगट धरलं.

"तीनदा फिरवायची असते गं," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंच्या टायमापासनं तीनदाच. तू मासवणची, तुला कुठनं म्हाईत असणार?"

मी आईंकडे बघितलं. आई तोंडाला पदर लावून समुद्राकडे बघत होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते.

मी मान खाली घातली आणि पिन तीनदा फिरवली.